चार कागद आणि एक प्रश्न

तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथांचे मराठी टीकेने नेहमीच कौतुक केले आहे. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले. विनोबांची गीतेवरील प्रवचने 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली. हे कौतुक रास्तच आहे. परंतु त्यामुळे आपल्या वाचकाच्या मनात एक समजूत नकळत रुजली आहे. तुरुंग म्हणजे थोर पुरुषाने एकांतात बसून ग्रंथ लिहिण्याची जागा, ही ती समजूत. तुरुंगात कोण आहे, कोणत्या कायद्याने आहे, किती दिवस आहे आणि त्याला तिथे ठेवण्याचा खर्च कोणाच्या खिशातून होतो, असे विचारणारेही गद्य असते. त्याला आपण वाङ्मय म्हणत नाही. ते कायदेमंडळांच्या कार्यवाहीत, आयोगांपुढच्या साक्षींत आणि हिशेबतपासनिसांच्या अहवालांत धूळ खात पडते. टीकाकार तिकडे फिरकत नाहीत, आणि आम्ही कादंबरीकार तर मुळीच नाही.

या गद्याकडे वाङ्मयाच्या नजरेने पाहता येते, एवढेच नव्हे तर तसे पाहिल्याशिवाय त्यातले खरेखोटे कळत नाही, असे मला म्हणावयाचे आहे. त्यासाठी मी 1897 सालचे चार कागद निवडले आहेत. चारही कागद पुण्याच्या प्लेगसंबंधी आहेत. चारही त्याच वर्षातले किंवा त्याच्या अगदी लगतचे आहेत. एक अधिकाऱ्याचा, एक पुढाऱ्याचा, एक फाशी जाणाऱ्या तरुणाचा आणि एक बाईचा. या चौघांच्या मागे एक प्रश्न उभा आहे, आणि तो लंडनला पार्लमेंटात विचारला गेला होता. पुण्यातल्या लोकांच्या घरात सरकारने काय केले, हा तो प्रश्न.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. तरी सनावळी डोळ्यांपुढे असावी. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून आला. मार्चच्या मध्यापासून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत होते. रोग्यांना इस्पितळात आणि त्यांच्या माणसांना छावणीत नेत होते. देवघरे विटाळली, सामान जाळले, बायकांना उघड्यावर तपासले, अशा तक्रारी गावभर होत्या. 22 जून 1897 रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड 3 जुलैला गेला.

आता पहिला कागद. रँडने आपल्या कामाच्या अहवालाचा मसुदा लिहून ठेवला होता, आणि तो त्याच्या मागे राहिला. त्यात सोजिरांच्या शिस्तीची वाखाणणी आहे आणि एका ठिकाणी समाधान व्यक्त केले आहे. ते समाधान असे की, कोणा स्त्रीच्या मर्यादेचा हेतुपुरस्सर भंग झाल्याची एकही विश्वसनीय तक्रार कमिटीकडे, किंवा ज्यांच्या हाताखाली शिपाई काम करीत होते त्या अधिकाऱ्यांकडे, आली नाही.

हे विधान एखाद्या कवितेच्या ओळीसारखे सावकाश वाचून पाहावे. त्याला तीन कड्या आहेत आणि तिन्हींना कुलुपे आहेत. तक्रार ‘विश्वसनीय’ हवी. ती तशी आहे की नाही हे ठरवणार कमिटी. भंग ‘हेतुपुरस्सर’ हवा. शिपायाचा हेतू काय होता हे सांगणार शिपाई किंवा त्याचा वरिष्ठ. आणि तक्रार आली पाहिजे ती कोणाकडे, तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याकडेच. ज्या घरात काल सोजीर शिरले त्या घरातल्या बाईने आज सोजिरांच्या साहेबाच्या कचेरीत जावे आणि माझी विटंबना झाली असे मोडक्या इंग्रजीत किंवा दुभाष्याच्या तोंडून सांगावे, अशी ही अपेक्षा आहे. ती आली नाही. मग अहवालात समाधान नोंदले गेले.

रँड खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. या वाक्यातला एकही शब्द कदाचित खोटा नसेल. सरकारी गद्याचे सामर्थ्य नेमके येथे आहे. त्याला खोटे बोलावे लागत नाही; विशेषणांची नीट रचना केली की काम भागते. ललित लेखकाला शब्दांची किंमत कळते असा आपला अभिमान असतो. परंतु एका विशेषणात एवढी माणसे गाडण्याची कला आमच्यापैकी कोणाला साधली आहे असे मला वाटत नाही.

दुसरा कागद गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. त्या वर्षी गोखले विलायतेत होते आणि तेही एका हिशेबाच्याच कामासाठी. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करण्यासाठी वेल्बीसाहेबाच्या अध्यक्षतेखाली एक रॉयल कमिशन 1895 पासून बसले होते. दादाभाई नौरोजी आणि सर विल्यम वेडरबर्न त्याचे सभासद होते. गोखल्यांनी एप्रिल 1897 मध्ये त्यापुढे साक्ष दिली. त्यांचे वय तेव्हा 30 वर्षांचे; धंद्याने शिक्षक, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिणारा माणूस. लष्करावर किती, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारावर आणि पेन्शनीवर किती, आणि रयतेच्या शिक्षणावर किती, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. जो कर देतो त्याचा खर्चावर ताबा नाही, हे त्या साक्षीचे मर्म. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक पार्लमेंटात अधिवेशनाच्या अखेरीस, रिकाम्या बाकांपुढे उरकले जाई. ती त्या काळच्या सर्वच हिंदी पुढाऱ्यांची जुनी तक्रार होती. आकड्यांची ही साक्ष उत्तम झाली. आकड्यांना कोणी तुरुंगात टाकू शकत नाही आणि ते घाबरतही नाहीत.

मग पुण्याहून पत्रे येऊ लागली. त्यांच्या आधारे गोखल्यांनी तेथल्या ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राला मुलाखत दिली. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतील एकीने नंतर जीव दिला, असे त्यात होते. पार्लमेंटात प्रश्न झाले. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना विचारले. गव्हर्नरांनी ते सगळे द्वेषबुद्धीने रचलेले असल्याचे कळवले. आता पुरावा देण्याची जबाबदारी गोखल्यांवर आली.

येथे तारखांचा क्रम लक्षात घ्यावा, कारण या कथेचा सारा अर्थ तारखांत आहे. 27 जुलै 1897 रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले. टिळक त्या वेळी मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. दुसऱ्या दिवशी पुण्यातील सरदार नातू बंधूंना 1827 सालच्या 25 व्या रेग्युलेशनखाली पकडण्यात आले. या रेग्युलेशनात आरोप ठेवावा लागत नसे, खटला चालवावा लागत नसे, मुदत सांगावी लागत नसे. प्लेगच्या तपासणीतील गैरप्रकारांबद्दल अधिकाऱ्यांकडे तक्रारी नेणाऱ्यांत हे नातू पुढे होते. आणि त्याच आठवड्यात गोखल्यांची बोट मुंबई बंदराला लागली. साक्षीदार कोठे आहेत, असे त्यांना विचारले जात होते, आणि तक्रार करणारा माणूस कोठे जातो हे सगळ्या पुण्याने दोनच दिवसांपूर्वी पाहिले होते.

एकही साक्षीदार पुढे आला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोखल्यांनी माफीपत्र प्रसिद्ध केले. गव्हर्नरांची, प्लेग कमिटीच्या सभासदांची आणि सोजिरांची त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

हा आपल्या राजकारणातला एक अवघडलेला कागद आहे. गोखल्यांच्या चाहत्यांनी तो लवकर उलटला आणि विरोधकांनी तो फडकावला. मी तो माफी म्हणून न वाचता रचना म्हणून वाचून पाहिला. त्यात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट जी आहे ती लिहिलेली नाही. पत्रे पाठवणाऱ्यांची नावे त्यात नाहीत. ती नावे दिली असती तर गोखल्यांचा दोष हलका झाला असता. मला अमुक अमुकाने कळवले, मी विश्वास ठेवला, असे म्हणून ते मोकळे झाले असते. त्यांनी सारी नामुष्की स्वतःच्या अंगावर घेतली आणि नावे झाकली. भ्याडपणाचा शिक्का ज्या कागदावर बसला, त्याच कागदात एक मोठे धैर्य आहे. मात्र ते शब्दांत नसून गाळलेल्या शब्दांत आहे, आणि आपल्याकडे गाळलेले वाचण्याची सवय फार थोड्यांना आहे.

तरीही हे माफीपत्र वाचून मन स्वस्थ होत नाही. कारण ज्या दोन स्त्रियांविषयी हे सारे चालले होते त्या या कागदात नाहीशा होतात. आधी त्या ‘मला मिळालेली माहिती’ होत्या; आता त्या ‘सिद्ध न झालेली गोष्ट’ झाल्या. सिद्ध झाले नाही याचा अर्थ घडले नाही असा होत नाही, हे न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यातले तत्त्व आहे. पण माफीपत्राच्या भाषेत ते ठेवता येत नाही. ती भाषाच अशी, की एकदा वाकले की पूर्ण वाकावे लागते.

तिसरा कागद आमच्या चिंचवडचा. दामोदर हरी चापेकरांनी येरवड्याच्या तुरुंगात स्वतःचे आत्मवृत्त लिहिले. 18 एप्रिल 1898 रोजी ते फाशी गेले. वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण हे मे 1899 मध्ये एकामागून एक त्याच वाटेने गेले. या आत्मवृत्ताचे इंग्रजी भाषांतर सरकारी दप्तरात राहिले. मूळ मराठी वि. गो. खोबरेकरांनी संपादित केले आणि ते 1974 साली पुस्तकरूपाने आले.

या पुस्तकावर मराठीत आदराने पुष्कळ लिहिले गेले आहे; टीका म्हणून फार थोडे. आदर आपल्या जागी ठेवून वाचले तर प्रथम जाणवते ते निवेदकाचे बळ. दामोदरपंत कीर्तनकाराचे चिरंजीव. वडिलांच्या मागे साथीला उभे राहून वाढलेला हा तरुण. गोष्ट कोठे थांबवायची, श्रोत्याला केव्हा हसवायचे आणि केव्हा चिडवायचे हे त्याच्या रक्तात आहे. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत, मॅट्रिकच्या परीक्षेचा मांडव जाळल्याची हकीकत, या गोष्टी तो अशा खुशीने सांगतो की वाचणाऱ्याच्या ओठांवर हसू येते. (माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच, तेव्हा त्या मांडवाविषयी मला थोडी आपुलकी आहे, तरी हसू आवरले नाही.) मृत्यू समोर असताना गद्यात कोठे कंप नाही, कोठे दयेची याचना नाही. असे गद्य विरळा.

पण हाच निवेदक सुधारकांना मारहाण केल्याच्या गोष्टीही त्याच खुशीने सांगतो. त्याच्या लेखी बोलणारा, अर्ज करणारा, सभा भरवणारा माणूस हा नामर्द. काँग्रेसचा त्याला तिटकारा. त्याचा राग प्लेगच्या आधीचा आहे. धर्म बुडाला, तलवार गेली, फौजेत जागा मिळाली नाही, या दुःखातून तो जमत आला आहे. रँड हे त्या रागाला सापडलेले ठिकाण आहे. आणि पुण्याची ती बाई? ती या पुस्तकात येते ती अब्रूची खूण म्हणून. तिला नाव नाही, तिचे म्हणणे नाही. रँडच्या कागदात तिची तक्रार विश्वसनीय नव्हती. येथे तिला तक्रार करण्याची गरजच उरत नाही, कारण तिच्या वतीने सूड घेणारे पुरुष तयार आहेत. दोन्हीकडे ती मुकीच राहते.

हे वाचून चिंचवडकर माझ्यावर रागावतील हे मला माहीत आहे. तिघे भाऊ एका घरातून फाशी गेले, त्या घरावरून मी रोज शाळेत जातो, आणि त्यांच्या त्यागापुढे माझे मस्तक नम्र आहे. परंतु टीका करणे म्हणजे मस्तक आणि डोळे दोन्ही एकाच वेळी खाली न घालणे.

चौथा कागद सर्वांत लहान आणि सर्वांत विसरलेला. पंडिता रमाबाईंनी 1897 सालीच ‘बाँबे गार्डियन’ या पत्रात एक पत्र प्रसिद्ध केले. त्यांच्या सदनातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली होती. तिच्या वाट्याला काय आले आणि त्या इस्पितळात बायकांची कशी व्यवस्था होती, याविषयी रमाबाईंनी स्पष्ट लिहिले. या पत्राचा बोभाटा पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नरांनी उत्तर दिले की रमाबाईंची विधाने अगदी चुकीची आणि दिशाभूल करणारी आहेत.

आता या कागदाची इतर तिघांशी तुलना करावी. साक्षीदार कोठे आहेत, असे गोखल्यांना विचारण्यात आले. ही साक्षीदार समोर उभी होती. तिने नाव झाकले नव्हते, पदव्या होत्या, विलायत-अमेरिकेत तिला लोक ओळखत होते, आणि ज्या मुलीविषयी ती बोलत होती ती तिच्या आश्रयाखालची होती. रँडने मागितलेली ‘विश्वसनीय तक्रार’ ती हीच. पण सरकारला ती चालली नाही, कारण ती सरकारच्या विरुद्ध होती. आणि पुण्याच्या पुढाऱ्यांना ती चालली नाही, कारण बाई ख्रिस्ती झालेली. चारपाच वर्षांपूर्वीच शारदा सदनावरून तिच्याशी भांडण होऊन लोकांनी आपल्या मुली तेथून काढून नेल्या होत्या. ज्या गावाला एका साक्षीची एवढी गरज होती, त्या गावाने हाती आलेली साक्ष बाईच्या धर्माकडे पाहून बाजूला सारली. 1897 च्या कथेतला खरा करुण भाग मला येथे दिसतो. एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग कल्पनेने रचला असता तर तो कृत्रिम म्हणून टीकाकारांनी नापसंत केला असता.

चारही कागद शेजारी ठेवले की पार्लमेंटातल्या प्रश्नाचे स्वरूप कळते. प्रश्न विचारणे ही वरवर पाहता फार दुबळी गोष्ट आहे. सभासद उभा राहतो, मंत्री लिहून आणलेले वाचतो, सभागृह पुढच्या विषयाकडे वळते. वेडरबर्न आणि त्यांचे सोबती नातू बंधूंविषयी पार्लमेंटात विचारीत राहिले: आरोप कोणता? खटला केव्हा? उत्तर बहुधा एकच: राज्याच्या सुरक्षिततेसाठी. नातू 1899 मध्ये सुटले, खटला कधीच झाला नाही. मग प्रश्नाने साधले काय? सुटकेचे सारे श्रेय त्या प्रश्नांना देण्याचे धाडस मी करणार नाही. पण प्रश्नाने एवढे निश्चित केले की ‘आरोप सांगता येत नाही’ ही गोष्ट सरकारला स्वतःच्या तोंडाने, छापील कागदावर कबूल करावी लागली. दामोदरपंतांच्या पिस्तुलाने रँडला मारले, पण रँडचे विशेषण जिवंत राहिले. विशेषणाला मारायला प्रश्नच लागतो, आणि तोही पुन्हा पुन्हा विचारलेला. मात्र त्या प्रश्नाच्या मागे जो माणूस उभा राहील त्याला संरक्षण हवे. ते नसले तर प्रश्नकर्त्याचा गोखले होतो.

न्यायाच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. टिळकांवरचा 1897 चा खटला हा एका अर्थी काव्यसमीक्षेचा खटला होता. ‘केसरी’त आलेल्या शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेल्या कवितेचा अर्थ काय, हा वाद नऊ जुरर आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. सरकारविषयी अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्तींनी जुरीला सांगितला. सहा युरोपियन जुररांनी दोषी म्हटले, तीन हिंदी जुररांनी निर्दोष म्हटले, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर माणसाचा तुरुंग ठरतो. टीकाशास्त्राचा याहून मोठा धडा मला माहीत नाही.

गोखल्यांनी तो धडा घेतला असे त्यांच्या पुढच्या लेखनावरून दिसते. 26 मार्च 1902 रोजी वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. खजिन्यात शिल्लक आहे म्हणून सरकार आनंदात होते. गोखल्यांनी दाखवून दिले की दुष्काळाने आणि प्लेगने रयत मरत असताना साठलेली ही शिल्लक सुबत्तेची खूण नाही. ती लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या कराची खूण आहे. या भाषणात एकही ऐकीव गोष्ट नाही. जे आहे ते सरकारच्याच पुस्तकांतून उचललेले. सरकारचाच आकडा सरकारपुढे साक्षीदार म्हणून उभा केला, की त्या साक्षीदाराला नातूंच्या मागोमाग तुरुंगात पाठवता येत नाही. 1897 च्या नामुष्कीतून हे गद्य घडले असे मला वाटते. ते कोरडे आहे अशी तक्रार मी ऐकली आहे. ते कोरडे नाही. ते सावध आहे.

आणि तरीही त्याची एक मर्यादा आहे. आकड्यांत मिठाचा कर येतो, लष्कर येते, शाळा येतात. पण ज्या बाईची तक्रार कोणी लिहूनच घेतली नाही, ती आकड्यात कशी येणार? हिशेबाचे गद्य आणि साक्षीचे गद्य ही दोन्ही हवीत. एक नसेल तर दुसरे लंगडे पडते.

हा सारा जुना इतिहास उकरण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण हे गद्य आता आपल्या घरचे आहे. येरवडा आपला आहे; राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे तुरुंग हा राज्याचा विषय आहे, तेव्हा त्याविषयी विचारण्याची जागा मुंबईत आणि हिवाळ्यात नागपुरात आहे, लंडनला नाही. महालेखापालांचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवलाच पाहिजे, असे घटनेचे 151 वे कलम सांगते. लोकलेखा समिती आहे, तारांकित प्रश्न आहे, उपप्रश्न आहे, मंत्र्याने दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करणारी समितीही आहे. गोखल्यांनी वेल्बी कमिशनपुढे जे मागितले त्याहून अधिक आपल्याला मिळाले आहे. आणि तरी हिशेबतपासणीचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात. रिकाम्या बाकांची ती जुनी तक्रार मराठीत भाषांतरित झाली, एवढेच. जुलै 1975 मध्ये आणीबाणीच्या अधिवेशनात संसदेचा प्रश्नोत्तराचा तासच बंद ठेवला गेला. सप्टेंबर 2020 मध्ये साथीचे कारण देऊन पुन्हा तसे झाले, लेखी उत्तरे तेवढी राहिली. दोन सरकारे वेगवेगळ्या पक्षांची, कारणे निराळी. पण अडचण आली की पहिला हात प्रश्नावर पडतो, हे दोन्हीकडे सारखे. साथ आणि प्रश्न यांचे नाते 1897 पासूनचे आहे, हे पुण्याच्या माणसाने तरी विसरू नये.

2022 सालच्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत जे लोक होते त्यांतले शंभरातले पंचाहत्तर खटला चालू असलेले, म्हणजे अजून दोषी न ठरलेले होते. हा आकडा सरकारनेच छापला आहे. नातू बंधूंना खटला मिळाला नाही म्हणून वेडरबर्न उभे राहिले. या पंचाहत्तरांसाठी कोण उभे राहते? त्यांत सरदार कोणी नाहीत. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारा, परगावाहून आलेला, जामिनाला माणूस नसलेला पोरगा त्यांत असतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या 2014 सालच्या चित्रपटाने न्यायाची ही कंटाळवाणी बाजू, तारखांमागून तारखा, मराठी प्रेक्षकाला प्रथमच धीराने दाखवली. आमच्या कादंबरीने ते अजून केलेले नाही. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ने सत्तेचा खेळ दाखवला, आणि तो उत्तम दाखवला. पण सत्ता कोणाकडे जाते ही एक कथा झाली. सत्तेला जाब कोण विचारतो, ही दुसरी. तिच्यात खून नाही, बंड नाही, प्रेमभंग नाही. एक माणूस तीन अधिवेशने तोच प्रश्न विचारतो, एवढेच तिचे कथानक. ते लिहायला लागणारी चिकाटी आमच्याजवळ नाही, म्हणून आम्ही त्याला नीरस म्हणतो.

शाळांतून 22 जूनच्या सुमाराला मुले चापेकरांचा प्रवेश करतात. ‘गोंद्या आला रे आला’ ही आरोळी कोणी द्यायची यावरून भांडणे होतात. रँड व्हायलाही एखादा गोरा मुलगा खुशीने तयार होतो. गोखल्यांचे काम मात्र कोणाला नको असते, आणि रमाबाई तर त्या नाटुकल्यांत नसतातच. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना जे कागद वाचायला दिले, त्यांतूनच ती पात्रे निवडतात. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘‘सर, त्या बाईंनी खरं लिहिलं होतं ना, मग तेच पत्र दाखवून गोखल्यांनी का नाही सांगितलं?’’ इतिहासाच्या तपशिलाच्या दृष्टीने या प्रश्नाला अनेक उत्तरे आहेत. एक पत्र एका मुलीविषयी होते, आरोप दुसऱ्या दोघींविषयी. कायद्याने एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही. मी तिला ते सांगितले. तिचे समाधान झाले नाही, आणि ते झाले नाही याचा मला आनंद आहे. कारण तिचा प्रश्न पुराव्याचा नव्हताच. तुमच्यापैकी कोणी त्या बाईच्या शेजारी उभे का राहिले नाही, असे ती विचारीत होती.

रँडच्या अहवालाला, गोखल्यांच्या माफीपत्राला आणि दामोदरपंतांच्या आत्मवृत्ताला मिळून जे एक उत्तर द्यावे लागेल ते या मुलीच्या प्रश्नाचे. टीकेचे काम उत्तर देण्याचे नाही. पण ज्या विशेषणाच्या आड उत्तर लपते ते विशेषण बोटाने दाखवून देणे, हे तिचेच काम आहे. मराठी टीकेने ते कवितेच्या बाबतीत पुष्कळ केले. यंदाच्या अधिवेशनात तुरुंगांवर जो पहिला प्रश्न विचारला जाईल, त्याला मंत्रिमहोदय जे लेखी उत्तर देतील, तेही तिने तितक्याच सावकाश वाचून पाहावे. ‘तक्रार प्राप्त झालेली नाही’ हे शब्द त्यात आले, तर पुढचा उपप्रश्न काय असावा हे आपल्याला 1897 पासून ठाऊक आहे: तक्रार कोणाकडे करायची होती, आणि ज्याने केली तो आज कोठे आहे?